दारूखान्यातील घाई

काडतुसाच्या बुडाशी पितळेची जी चिमुकली टोपी बसविलेली असते, जिला आजच्या कारखान्यांत प्रायमर म्हणतात, तिच्या लहान जातीचा व्यास साडेचार मिलिमीटरही भरत नाही आणि तिच्या पोटातील स्फोटक मसाला मिलिग्रॅमच्या मापाने तोलावा लागतो. परंतु बंदुकीच्या साऱ्या सामर्थ्याचा उगम त्या एवढ्याशा जागेत आहे. बंदुकीची पिन तिच्यावर आदळली की तो मसाला पेटतो, त्याची ज्वाला काडतुसातील दारूला जाऊन भिडते, आणि पुढचे सर्व काही क्षणार्धात घडते. दारू पेटण्यासाठी ज्वाला लागते. टोपी पेटण्यासाठी मात्र आघात, घर्षण, उष्णता किंवा विजेची एखादी ठिणगी, यांपैकी काहीही पुरते. संपूर्ण काडतुसात वजनाने नगण्य असलेला हा जिन्नस स्वभावाने सर्वांत तापट आहे. त्याला शेकड्यांनी हाताळणारे यंत्र मध्येच अडले असता माणसाने काय करावे, हा प्रश्न वरकरणी कारागिरीचा वाटला तरी तो वस्तुतः शिस्तीचा, कायद्याचा आणि मनुष्याच्या जिवाच्या मोलाचा आहे. आणि नाशिकसारख्या शहराने तो आजच विचारात घ्यावा असे मला निकडीने वाटते.

ते यंत्र असे. अमेरिकेत नेमबाजीचा छंद असणारी पुष्कळ माणसे एकदा झाडलेल्या काडतुसाचे पितळी कवच टाकून न देता त्यात नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी भरून ते पुन्हा वापरतात, आणि या घरगुती उद्योगासाठी तिकडे नाना तऱ्हेची उपकरणे बाजारात मिळतात. त्यांपैकी एकाचे काम एवढेच की, सुट्या टोप्या वाडग्यात ओताव्यात आणि त्या सर्वांची तोंडे एकाच दिशेस राहतील अशा रीतीने, एकावर एक, शंभराच्या चळतीने एका उभ्या नळीत जाऊन बसाव्यात. वाडग्याच्या तळाशी असलेला विद्युच्चुंबक त्याला एका सेकंदात शंभर-सव्वाशे सूक्ष्म हिसके देतो. त्या कंपनाने टोप्या वाडग्याच्या आतल्या अंगाने गेलेल्या सर्पिल वाटेवरून हळूहळू वर चढू लागतात. वाटेत एके ठिकाणी कड मुद्दाम अशी कापलेली असते की सुलटी टोपी तेवढी पुढे सरकते आणि उलटीचा तोल जाऊन ती पुन्हा वाडग्यात पडते. आणि अशी निवड होत होत शेवटी एकेक टोपी नळीत उतरते. नाशिककरांना हे तत्त्व अपरिचित नाही. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत स्क्रू, रिव्हेट, वॉशर आणि विजेच्या स्विचगिअरचे कॉन्टॅक्ट याच जातीच्या बाऊल फीडरमधून जुळणीच्या टेबलावर येतात, आणि तो अडला असता काय करायचे हे तिथल्या ऑपरेटरच्या हाताला पाठ झालेले असते.

हे पाठ झालेले असणेच मला चिंतेचे वाटते. फीडर अडला की ऑपरेटर प्रथम वाडग्याला तळहाताने एक टोला देतो. तेवढ्याने भागले नाही तर कंपनाचे बटण वाढवितो. तरीही ओळ सरकली नाही तर तारेचा तुकडा किंवा स्क्रूड्रायव्हर घेऊन अडलेला नग पुढे ढकलतो. आणि हे सर्व तो यंत्र चालू ठेवूनच करतो, कारण पाळीच्या अखेरीस नगांचा आकडा पुरा व्हायचा असतो. स्क्रूच्या बाबतीत या उतावळेपणाची किंमत फार तर एखादे बोट चेमटण्याइतकी असते, आणि तीही आपण कारखान्यांत फार सहजपणे सोसत आलो आहोत. टोप्यांच्या बाबतीत मात्र यांतील प्रत्येक उपाय हा स्वतःच अपघाताचे कारण होऊ शकतो. नळीत अडलेली टोपी वरून सळईने दाबणे म्हणजे बंदुकीची पिन जे कार्य करते तेच आपल्या हाताने करणे होय.

वास्तविक अशा यंत्राच्या अडण्याची कारणे पाहू गेल्यास ती बहुधा साधी असतात. यंत्र ज्या टेबलावर ठेवले आहे ते समतल नसेल तर टोप्या वाडग्याच्या एका बाजूस साचतात व वाट चढत नाहीत. सर्पिल वाटेवर तेलाचा पातळसा लेप किंवा धुळीचा थर बसला असेल तर टोपी जागच्या जागी थरथरत राहते. वाडग्यात एकदम फार टोप्या ओतल्या तर त्या परस्परांच्या अंगावर चढून गुंता करतात. वाटेचे टोक आणि नळीचे तोंड यांत केसभर अंतर पडले तर टोपी आडवी होऊन तिथेच अडकते. टोप्यांच्याही दोन मुख्य जाती आहेत, एकीचा व्यास सुमारे 4.45 मिलिमीटर आणि दुसरीचा सुमारे 5.33, त्यांतील एकीसाठी बसविलेला भाग न बदलता दुसरी ओतली की यंत्र चालणार कसे? आणि एक कारण तर खास आपल्या देशाशी संबंधित आहे. अमेरिकेतील वीज सेकंदाला 60 आवर्तनांची, आपली 50 आवर्तनांची. वाडग्याखालच्या पोलादी पट्ट्यांचा ताण ज्या आवर्तनाशी जुळवून ठेवलेला असतो त्याहून निराळी वीज मिळाली की वाडग्याचे कंपन मंदावते, आणि तिकडून आणलेले यंत्र इथे निव्वळ व्होल्टेज बदलून दिल्याने नीट चालत नाही. हे ज्याच्या ध्यानात येत नाही तो कंपन वाढवीत जातो, आणि वाढलेल्या कंपनात टोप्या चालण्याऐवजी उसळू लागतात. दोष असतो पट्ट्यांच्या ताणात किंवा वीजपुरवठ्यात. शिक्षा मात्र टोप्यांना होते.

या सर्व कारणांवरच्या उपायाचा क्रम एकच आहे: वीज बंद करावी, हात मागे घ्यावा, टोप्या सावकाश काढून त्यांच्या मूळच्या खणांच्या तबकात ठेवाव्यात, आणि यंत्र पूर्णपणे रिकामे झाल्यावरच दोषाचा शोध घ्यावा. धूळ हवेच्या झोताने उडवू नये, कारण त्या धुळीत मसाल्याचे कण असतात. त्यांत शिसे असते, ते श्वासावाटे शरीरात जाते, आणि शिवाय ते कण ज्वालाग्राही असतात ते निराळेच. आजच्या बहुतेक टोप्यांतील मसाल्याचा मुख्य घटक शिशाचे स्टिफनेट हा आहे, आणि तो कोरडा असताना स्थिर विजेच्या अत्यल्प ठिणगीनेही पेटतो. टोप्या बनविणाऱ्या कारखान्यांत तो ओला असतानाच भरून मागाहून सुकविण्याची पद्धत पडली ती याच कारणाने. मार्च-एप्रिलमधील नाशिकची दुपार किती कोरडी असते हे येथे राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. अशा हवेत सिंथेटिक कापडाचा सदरा घातलेला मनुष्य जमिनीशी विजेचा संबंध जोडून न घेता या यंत्राशी आला, तर यंत्रात कोणताही बिघाड नसतानाही धोका उभा राहतो.

तबकातली टोपी आणि नळीतली टोपी यांत जो भेद आहे तो तर कोणीच विसरू नये. टोप्या विक्रीस ठेवताना त्या खणाखणांच्या तबकांत, परस्परांपासून अंतर राखून मांडतात, जेणेकरून एक पेटलीच तरी शेजारची सहसा पेटू नये. नळी भरण्याचे यंत्र नेमकी हीच योजना मोडून काढते: शंभर टोप्या अंगाला अंग लावून एका चळतीत उभ्या राहतात, आणि एकीची ज्वाला तत्क्षणी सर्वांना पोहोचू शकते. यासाठीच त्या नळीभोवती धातूचे जाड कवच असते, आणि कवचाचे झाकण काढून आत डोकावण्याचा मोह ज्याला होतो त्याच्या डोळ्यांची धडगत नसते.

ही सावधगिरी आपल्याकडे परदेशी यंत्रांबरोबर आली असे मात्र कोणी समजू नये. शिवकालीन अठरा कारखान्यांत दारूखाना हा स्वतंत्र कारखाना गणला जात असे, आणि 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी जी कलमे आहेत ती आजही कोणत्याही कारखान्याच्या फाटकावर लावावीत इतकी स्पष्ट आहेत. दारूखाना वस्तीच्या घराजवळ नसावा. सदरेपासून अंतर राखून तो बांधावा. त्याभोवती झाडांचे दाट कुंपण असावे. तळघर करून त्यात माच घालून त्यावर दारू ठेवावी. ओल लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने समक्ष येऊन माल बाहेर काढावा, त्यास ऊन द्यावे व पुन्हा मुद्रा करून ठेवावा. पहारा अहोरात्र असावा आणि परवानगीवाचून कोणा मनुष्यास जवळ येऊ देऊ नये. या तजविजीत अंतर आहे, हवेतील ओलाव्याचा विचार आहे, ठराविक मुदतीची तपासणी आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती तपासणी करणाऱ्या अंमलदाराचे पद निश्चित आहे. हुकूम कोणाचा व जबाबदारी कोणाची, याविषयी संदिग्धता नाही.

पुढे 1807 साली स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फॉर्सिथ या धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या मसाल्याच्या बंदुकीतील उपयोगाचे पेटंट घेतले, त्यातून तांब्याची टोपी निघाली, आणि 1866 च्या सुमारास इंग्लंडच्या बॉक्सरने व अमेरिकेच्या बर्डनने काडतुसाच्या बुडाशी बसणाऱ्या टोपीचे आजचे दोन प्रकार सिद्ध केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1869 मध्ये, पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर भुसावळजवळ वरणगाव येथे 1964 साली लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना निघाला, भंडाऱ्यास स्फोटक द्रव्यांचा निघाला, आणि 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाल्यावर हे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या ताब्यात गेले. महाराष्ट्राइतका दारूगोळ्याशी जुना आणि विस्तृत संबंध असलेली राज्ये देशात फार थोडी असतील. नाशिकचा स्वतःचा संबंधही लहान नाही: देवळालीस तोफखान्याचे विद्यालय आहे, नाशिकरोडला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, ओझरला 1964 साली लढाऊ विमाने बांधण्याचा कारखाना निघाला, आणि संरक्षणसामग्रीच्या खाजगी उत्पादनास सरकारने दार उघडल्यापासून येथील लहानमोठे कारखानदार त्या दारातून आत जाण्यास स्वाभाविकपणेच उत्सुक आहेत. त्यांची उत्सुकता मला रास्त वाटते. फक्त स्क्रूच्या फीडरला लागलेली हाताची सवय त्यांनी बरोबर नेऊ नये.

कायद्याने या बाबतीत बरीच दूरदृष्टी दाखविलेली आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याची जी व्याख्या केली आहे तीत तयार काडतुसांबरोबरच दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा बनविण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश होतो, आणि परवान्यावाचून दारूगोळ्याचे उत्पादन करण्यास मनाई आहे. तात्पर्य, अमेरिकेतील गृहस्थ ज्या उद्योगासाठी आपल्या गाडीखान्यातील टेबल रिकामे करतो तो आपल्याकडे परवान्याचा विषय आहे, आणि तो तसाच राहावा या मताचा मी आहे. यावर कधी कधी असा आक्षेप घेतात की, नेमबाजीच्या खेळाडूंना काडतुसांचा खर्च झेपत नाही, तेव्हा त्यांना तरी घरी काडतुसे भरू द्यावीत. खर्चाची अडचण खरी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, तेव्हा त्यांच्या सरावाच्या गोळ्यांसाठी वडिलांना कर्ज काढावे लागल्याची हकीकत सर्व वृत्तपत्रांतून आली होती, आणि ती वाचून कोणाचेही मन व्यथित व्हावे. परंतु हा उपाय त्या व्यथेवरचा नव्हे. कुसाळे ज्या प्रकारात खेळतात त्यातील पॉइंट टू टू काडतुसात स्वतंत्र टोपी नसतेच. मसाला कवचाच्या कडेतच पसरलेला असतो, एकदा झाडल्यावर ती कड चेपते, आणि ते कवच पुन्हा भरण्याजोगे राहत नाही. खेळाडूंना हवी आहेत ती देशात बनलेली, भरवशाची आणि स्वस्त काडतुसे. आणि ती बनविण्याचे काम घरातील टेबलाचे नसून सुसज्ज कारखान्याचे आहे.

मग त्या कारखान्यात काय घडते? 17 डिसेंबर 2023 रोजी नागपूरजवळ बाजारगाव येथे स्फोटकांच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात नऊ कामगार मृत्युमुखी पडले, आणि त्यांत सहा स्त्रिया होत्या. 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत आठजण गेले. त्याआधी ऑक्टोबर 2024 मध्ये नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात सरावाच्या वेळी तोफगोळ्याच्या स्फोटाने दोन तरुण अग्निवीरांचा अंत झाला. या घटनांची कारणे परस्परांहून भिन्न आहेत, आणि त्यांतील एखादी अडलेल्या फीडरमुळे घडली असा माझा आरोप नाही. तथापि अशी प्रत्येक वार्ता येते तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: शेवटच्या त्या क्षणांपूर्वी कोणा कामगाराला काही खटकले होते काय, आणि खटकले असल्यास, थांबा म्हणण्याचा अधिकार त्याला होता काय?

भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1987 साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियेवर काम करणाऱ्या कामगारास एक अधिकार मिळाला: जिवास तत्काळ धोका आहे अशी रास्त भीती वाटल्यास ती गोष्ट त्याने व्यवस्थापकाच्या निदर्शनास आणावी, आणि व्यवस्थापकाने त्यावर ताबडतोब इलाज करावा. कलम चांगले होते. परंतु त्याने कामगाराला बोलण्याचा अधिकार दिला, बटण बंद करण्याचा दिला नाही. टोपी भरणाऱ्या यंत्रासमोर उभ्या असलेल्या मुलीने जागा सोडून सुपरवायझर शोधायला जायचे, त्याने येऊन पाहायचे, मग निर्णय व्हायचा, आणि एवढा वेळ यंत्र चालू राहायचे, ही व्यवस्था कागदावर जितकी सुरक्षित दिसते तितकी प्रत्यक्षात नसते. यंत्र थांबविण्याचा निरपवाद अधिकार जो त्याच्यासमोर उभा आहे त्यालाच असला पाहिजे. आणि थांबविल्यामुळे कमी पडलेल्या नगांची वजावट त्याच्या पगारातून, बोनसातून किंवा कंत्राटाच्या नूतनीकरणातून होता कामा नये. या दुसऱ्या अटीवाचून पहिली निरर्थक आहे. ज्या कंत्राटी कामगाराची नेमणूक दर काही महिन्यांनी नव्याने व्हायची असते तो कलमांच्या भरवशावर यंत्र बंद करीत नाही. आपल्या आधी बंद करणाऱ्याचे काय झाले हे पाहून तो वागतो.

यंत्राच्या दोषनिवारणाची पत्रिका हा असाच दुसरा दुर्लक्षित विषय. यंत्राबरोबर जे पुस्तक येते ते इंग्रजीत असते व दफ्तरातील कपाटात जाऊन बसते. यंत्रासमोर उभा असलेला दिंडोरीचा, सटाण्याचा किंवा बिहारमधील दरभंग्याचा मुलगा ते कधी पाहतही नाही, आणि शेजारच्या जुन्या ऑपरेटरने जे करून दाखविले तेच शिकतो. वाडगा अडला तर काय करावे आणि त्याहूनही अधिक, काय कदापि करू नये, हे मराठीत व हिंदीत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसहित, यंत्रावरच कायमचे लावलेले असावे, आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने पाहणीच्या वेळी ते प्रत्यक्ष वाचून पाहावे. त्या पत्रिकेतील पहिली ओळ वीज बंद करण्याची असावी; कारणांचा विचार तिच्यानंतर.

आणखी एका गोष्टीत नाशिकला परगावी शिकायला जाण्याची गरज नाही. नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात 1925 पासून आणि चलार्थ पत्र मुद्रणालयात 1928 पासून कागद मोजून घ्यायचा आणि मोजून द्यायचा हा दंडक आहे. एका तावाचा मेळ लागला नाही तर काम पुढे सरकत नाही, आणि तिथल्या कामगारांच्या पिढ्यान्‌पिढ्या या दंडकात वाढल्या आहेत. टोप्यांचा हिशेब याच कडकपणाने ठेवला पाहिजे. शंभर ओतल्या आणि नळीत नव्व्याण्णव उतरल्या, तर शंभरावी कुठे आहे हे कळेपर्यंत त्या खोलीत कोणी पाऊल टाकू नये, कारण जमिनीवर पडलेली टोपी हातगाडीच्या चाकाखाली आली म्हणजे ती आपला पत्ता आपणच सांगते. नोटांच्या कागदाची रुजवात आपण शतकभर इतक्या काटेकोरपणे घेत आलो, मग काडतुसांच्या टोपीची घेण्यास काय हरकत आहे?

उरला प्रश्न चौकशीच्या अहवालांचा. दुर्घटना घडली की चौकशी समिती नेमली जाते, मदत जाहीर होते, काही दिवस वृत्तपत्रांत मजकूर येतो. लष्करी गुपिते राखावीतच. कोणत्या गोळ्यात कोणते द्रव्य किती, हे जगाला सांगण्याची गरज नाही. परंतु यंत्र चालू असताना उघडले होते किंवा नाही, त्या खोलीत नेमून दिलेल्यांपेक्षा अधिक माणसे होती किंवा नाही, हवेतील ओलावा मोजला जात होता किंवा नाही, त्या दिवशी उत्पादनाचा आकडा वाढवून दिला होता किंवा नाही, यांत गुपित कसले? बाजारगाव आणि भंडारा येथील चौकशीतून निघालेला एवढा भाग मराठीत छापून राज्यातील प्रत्येक स्फोटक कारखान्याच्या कामगारांना द्यावा, सातपूर-अंबडच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत तो शिकवावा, आणि नाशिक जिल्ह्यात दारूगोळ्याच्या सुट्या भागांसाठी जो कोणी परवान्याची दरखास्त करील त्याच्या व्यवस्थापकाने तो वाचल्याची सही त्या दरखास्तीसोबत घ्यावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि कारखाना निरीक्षकांच्या अखत्यारीत ही गोष्ट नव्या कायद्याची वाट न पाहताही बरीचशी येऊ शकते, आणि येथे पहिली दरखास्त मंजूर होण्यापूर्वीच ती अंमलात यावी.